भक्ती आणि उचलेगिरी

प्रश्न : मी म्हापशाची कॅथलिक तरुणी. एका चित्रकारांना मी जवळजवळ देवच मानते आणि त्यांची चित्रे सही कापून इन्स्टाग्रामवर टाकते. यात गैर आहे का?

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कृतीवर आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क निर्मात्याचाच असतो, त्यामुळे मनात कितीही भक्ती असली तरी सही कापणे ही उचलेगिरीच ठरते, आणि नुसते नाव दिल्याने परवानगीची गरज टळत नाही. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांपुढे आपण आदराने झुकतो, पण आराधना एका देवाचीच करतो. लुस्त्र या प्राचीन नगरात लोक पौल आणि बर्णबा या प्रेषितांना देव समजून त्यांच्यापुढे बळी द्यायला निघाले, तेव्हा त्या दोघांनी व्यथित होऊन आपली वस्त्रे फाडली (बायबल, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४). त्या चित्रकारांना परवानगीसाठी लिहा. देव मानलेल्या माणसाला असे पत्र लिहिणे अंमळ जडच जाईल. तोवर चित्रे काढून टाका.