मुलगा दर शनिवारी सोळाव्या शतकात जातो

प्रश्न : ताई, मुलगा पिट्सबर्गला एमएस करतोय. हल्ली दर शनिवारी विद्यापीठातल्या कुठल्याशा क्लबात जातो. तिथे म्हणे मध्ययुगातल्यासारखं राहतात. चिलखत घालून लढतात, राजा निवडतात, कपडे हाताने शिवतात. ज्याने घरी कधी शर्टाचं बटण लावलं नाही, तो व्हिडिओ कॉलवर मला धावदोरा विचारतो! परवा दंडावर काळानिळा डाग दिसला. आता मावळा होणार म्हणतो. हा काही पंथबिंथ तर नाही ना?
– एक आई, नाशिक

उत्तर : पंथ नाही हो. नव्वदच्या दशकात तिकडे शिकताना मी स्वतः दोन वर्षं असल्याच क्लबात होते. तुमच्या वर्णनावरून हा 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम'चा गट दिसतो. 1 मे 1966 ला बर्कलीत मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्या डायना पॅक्सन यांच्या परसात मित्रमंडळींनी गंमत म्हणून लढाया केल्या, तिथून हे सुरू झालं. पुढच्या खेपेला बागेच्या परवानगीसाठी अर्जावर संस्थेचं नाव हवं होतं, म्हणून हे लांबलचक नाव पडलं.

डागाचं म्हणाल तर काठ्या वेताच्या असतात, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. पोलादी शिरस्त्राण घातल्याशिवाय, मान, कोपर, गुडघे झाकल्याशिवाय मैदानात सोडतच नाहीत. पायाला फटका बसला की गुडघ्यावर बसून लढायचं, हाताला बसला की तो हात पाठीमागे. गुण मोजणारा पंच नाही. फटका नीट बसला की नाही, हे ज्याला बसला त्यानेच सांगायचं. (आमच्या वाड्यातल्या क्रिकेटमध्ये हा नियम एक षटकही टिकला नसता.) असं लढून जो जिंकतो तो काही महिने राजा.

मावळ्याचं मात्र जमणार नाही. क्लबाच्या काळाची हद्द 1600 पर्यंत आणि महाराजांचा जन्म 1630 चा. माझीही अशीच निराशा झाली होती. मग मी अहमदनगरच्या निजामशाहीतली बाई झाले. चांदबीबीने किल्ला लढवला 1595-96 मध्ये, म्हणजे अगदी काठावर बसतं.

माझी खरी फजिती झाली ती मुदपाकखान्यात. पहिल्याच मेजवानीला मी मोठ्या ऐटीत बटाट्याची भाजी आणि शेंगदाणे घालून मिरचीचा ठेचा केला. मुदपाकखाना सांभाळणारी मुलगी वनस्पतिशास्त्राची. ती शांतपणे म्हणाली, बटाटा, शेंगदाणा, मिरची, तिन्ही आमच्या खंडातले. तुझ्या राज्यात हे पिढ्यान्‌पिढ्या कुठून आले? आजीचा 'पारंपरिक' ठेचा बाजूला ठेवावा लागला. (रात्री सगळ्यांनी तो चिप्सला लावून संपवला, ते सोडा.) मग ग्रंथालयात बसले. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, त्याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास'. त्यात चक्क मांडे! तुम्ही नाशिकच्या, तुम्हाला मांडे भाजायचं खापर काय ते सांगायला नको. मला तिथे कुठून मिळणार? कढई उलटी टाकली गॅसवर. पहिले पाच फाटले. तिखटाला मिरे आणि आलं. एमएसच्या दोन वर्षांत मी एवढ्या चिकाटीने दुसरं काही शोधलं नाही.

काळजी करायचीच तर पैशांची करा. स्वतःचं चिलखत महाग पडतं. क्लबाकडे उसने कपडे आणि चिलखत असतं, पहिलं वर्ष त्यावर काढू दे. शिवाय पिट्सबर्गच्या उत्तरेला स्लिपरी रॉकजवळ ऑगस्टच्या सुमारास दोन आठवडे 'पेन्सिक' युद्ध भरतं, हजारो लोक तंबू ठोकून राहतात. 1972 पासूनचा विनोद असा, की हरेल त्याच्या गळ्यात पिट्सबर्ग! तो जाणारच, तेव्हा अभ्यासाच्या तारखा आधी विचारून ठेवा.

धावदोरा आला असेल तर आता तुरपाई शिकवा. पार्सलमध्ये साधं सुती कापड घाला, पॉलिस्टर नको. आणि लाल तिखट पाठवाल तेव्हा डब्यावर 'फक्त खोलीत खायला' असं लिहा.