बायकोची पन्नाशी आणि गाडीने सहल

बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाला घरच्या सगळ्यांना घेऊन गाडीने निघायचं ठरवलंत, फार छान केलंत. फक्त गुपित ठेवायचंच तर ठिकाणाचं ठेवा, तारखांचं नको. रजा, औषधं, किती प्रवास झेपेल, हे तिलाच विचारा.

आणि वाढदिवसाच्या दिवशी लांबचा प्रवास नकोच. आदल्या दुपारी मुक्कामी पोहोचा. माझ्या बायकोच्या वाढदिवसाला आम्ही ऐन त्या दिवशी सहा तास रस्त्यावर होतो. संध्याकाळी भेटी उघडता उघडता ती पेंगायला लागली. ते मला अजून लागतं.

बॅगा भरण्याचं काम तिच्या गळ्यात घालू नका. स्वतःच्या वाढदिवसाला तिनेच सगळ्यांचे कपडे मोजायचे, हे बरं नव्हे.

प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असतानाच त्यांची हवा बघा, स्टेपनीचीही. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. डोळे जड झाले तर खिडकी उघडून भागत नाही, गाडी सुरक्षित जागी लावून डुलकीच काढावी लागते.

जे येऊ शकत नाहीत त्यांचे आवाज आधीच रेकॉर्ड करून घ्या. प्रत्येक थांब्यावर एकच ऐकवा. आमच्या सहलीत माझ्या बायकोची बालमैत्रीण बोलायला लागली, तेव्हा हिने हातातला कप तसाच खाली ठेवला होता.