जीआर (शासन निर्णय) आला म्हणजे कायदा बदलला असं नसतं

अरे, मंत्र्यांनी घोषणा केली की नियम बदलला असं धरून चालू नकोस, आधी मूळ कायद्याचं कलम काढ आणि नियम करायचा अधिकार किती दिलाय ते बघ, कारण नियम कायद्याच्या बाहेर जाऊच शकत नाही. आरटीईचंच, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचंच बघ ना, ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळांना गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली. पण २००९ च्या कायद्यात कलम १२ मध्ये अशी सूटच नाही, म्हणून हायकोर्टाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. गरीब पोरांच्या जागा वाचल्या रे! आणि साधं परिपत्रक तर नियमापेक्षाही खालचं, तेवढ्यावर गप्प बसू नकोस.