वाचक विचारतात : घरमालकालाच लायसन लावलं तर?

प्रश्न : आमचं गाव दापोली तालुक्यात, बंदराला लागून. शेजारच्या घराचे मालक बोरिवलीला असतात, गणपतीत येतात तेवढेच. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली की त्या घरात खलाशी राहायला येतात, यंदा मोजले तर सतरा जण. संडास एकच, तोही आमच्या विहिरीजवळ, आणि पडवीतून उघडी वायर लोंबतेय. ग्रामपंचायत म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात आम्ही सगळ्यांची आधार कार्डं घेतली. आता गावात काहीजण म्हणतायत की ठरावच करू, बाहेरच्यांना खोल्या द्यायच्याच नाहीत. माझा भाचा लंडनला असतो, तो म्हणाला तिकडे घरमालकाला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, लायसन लागतं. हे खरं का? आणि आपण नक्की करायचं काय? – एक वाचक, ता. दापोली

उत्तर : दादा, भाचा बरोबर सांगतोय, फक्त सगळ्याच मालकांना लागत नाही. इंग्लंडमध्ये 2004 चा हाऊसिंग ॲक्ट आहे, त्यात एकाच घरात पाच किंवा जास्त माणसं, ती पण वेगवेगळ्या कुटुंबातली, किचन-बाथरूम सामायिक वापरत असतील तर मालकाला कौन्सिलचं लायसन घ्यावंच लागतं. आधी घर तीन किंवा जास्त मजली असेल तरच हा नियम होता, ऑक्टोबर 2018 पासून ती अट काढली. शिवाय कौन्सिल एखादा भाग ठरवून तिथल्या भाड्याच्या सगळ्याच घरांना लायसन लावू शकतं, लंडनच्या न्यूहॅम या बरोने, म्हणजे शहराच्या एका विभागाच्या कौन्सिलने, 2013 मध्ये जवळजवळ अख्ख्या विभागाला लावलं. लायसन जास्तीत जास्त पाच वर्षांचं, त्यात धुराचा अलार्म हवा, गॅसची दरवर्षी तपासणी हवी, आणि एका मोठ्या माणसाला झोपायला किमान 6.51 चौरस मीटरची खोली हवी, म्हणजे साधारण सत्तर चौरस फूट. तुमच्या शेजारच्या माजघरात त्या हिशोबाने किती जण मावतील ते तुम्हीच बघा.

आणि कौन्सिल आणि पोलीस नीट काम करतात का हे कोण बघतं, तर तिथे निवडून आलेल्या सदस्यांची एक समिती असते, ती गावच्या सुरक्षेबद्दल पोलिसांना आणि कौन्सिलच्या अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारते, वर्षातून एकदा तरी हे करणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

मला यातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिकडे तपासणी घराची आणि मालकाची होते. आपल्याकडे आपण तपासतो तो राहायला आलेला माणूस, त्याचं आधार, त्याचा फोटो, कुठल्या बोटीवर आहे, आणि ज्या वायरीला हात लागून तोच बिचारा मरेल ती वायर कुणी बघतच नाही! भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या असे जे आदेश निघतात ते पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 163 खालचे, असा आदेश साधारण दोन महिने चालतो मग परत काढावा लागतो, आणि त्यात घराच्या अवस्थेचा प्रश्नच येत नाही. महाडची तारिक गार्डन 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली, 16 माणसं गेली, इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. तिथे राहणाऱ्यांचे कागद कितीही नीट असते तरी काय उपयोग होता?

आता तुमचं. ठरावाच्या भानगडीत अजिबात पडू नका. देशात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 ने दिलाय, तो काढून घ्यायचा अधिकार ग्रामसभेला नाही. आणि खरं सांगा, बाहेरून आलेली ही माणसं नसतील तर आपल्या बोटी समुद्रात कोण नेणार, आणि आंब्याच्या बागा रात्री कोण राखणार? त्या सतरा जणांना एका संडासात राहायची हौस नाहीये, भाडं घेणाऱ्याने दुसरी सोय केलीच नाही.

ग्रामपंचायतीकडून त्या घराचा नमुना 8 चा उतारा मागा, त्यावर मालकाचं नाव असतं. मग अर्ज लिहा पण खलाशांविरुद्ध नाही, घराविरुद्ध. माणसं किती, संडास किती, विहीर किती फुटांवर, वायर कुठे उघडी, सगळं लिहा, फोटो लावा. स्वच्छता, सार्वजनिक आरोग्य आणि उपद्रव दूर करणं ही ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीतलीच कामं आहेत, त्यामुळे पोलिसांकडे जा हे उत्तर होऊ शकत नाही. अर्जाची पोच घ्या, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. वायरीचं महावितरणच्या शाखा कार्यालयात वेगळं लेखी द्या आणि ते उद्याच द्या, पावसात ओल्या चिऱ्याच्या भिंतीला करंट उतरायला वेळ लागत नाही. विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला गावच्या जलसुरक्षकाला सांगा.

एवढं करून कुणी हललं नाही तर प्रांतांकडे जा. वर सांगितलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली सार्वजनिक उपद्रव किंवा धोकादायक बांधकाम दूर करा असा आदेश ते मालकाला काढू शकतात, मालक बोरिवलीला असला तरी. आणि पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, अर्ज अमुक तारखेला दिला, काय केलंत? इंग्लंडमध्ये त्या समितीत प्रश्न सदस्य विचारतात, आपल्या ग्रामसभेत प्रत्येक मतदार विचारू शकतो, फक्त आपण जात नाही.

आणि जमलं तर त्यांच्या तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाला, आधी भेटा, अर्ज तुमच्याविरुद्ध नाही हे सांगा. नाहीतर मालक एका रात्रीत सगळ्यांना बाहेर काढेल आणि सामान घेऊन ती पोरं जेटीवर झोपतील, ते आपल्याला नकोय.

प्रश्न : माझ्या दोन खोल्या एका शिक्षकांना अकरा महिन्यांसाठी दिल्यात, भाडं 4000. ओळखीचे आहेत, तरी करार नोंदवायलाच हवा का? – एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : नोंदवा ताई. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवा, जबाबदारी मालकाची, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा ठरलेल्या क्षेत्रांना लागू आहे, तुमचं गाव त्यात येतं का ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा, पण येत नसलं तरी नोंदवायला कुणाची आडकाठी नाही. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के म्हणजे तुमचं दोनशेच्या आतच, वर ग्रामीण भागात नोंदणी फी 500. ऑनलाइन घरबसल्या होतं, दोघांची आधार आणि दोन साक्षीदार लागतात. ओळखीचे असले की उलट कागद आधी करावा, नंतर मागायला संकोच वाटतो.