डांगी वासरं जगवायची तर पहिले दोन तास सांभाळा

भाऊ, पहिलंच वासरू गेलं म्हणून खचू नका. इगतपुरीच्या पावसात डांगी जातीच्या गाई मोकळ्या चारणाऱ्या बहुतेकांनी ते सोसलंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाईची वार (गर्भाबरोबरचं आवरण) पडेपर्यंत वासराला चीक, म्हणजे विल्यावरचं पहिलं घट्ट दूध, न पाजणं. आमच्या घरीही तसंच चालायचं, दोन वासरं गमावल्यावर मी ते सोडलं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळपास नसतेच, ती चिकातून येते. दोन तासांच्या आत पाजा. वीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात दोन लिटर तरी जायला हवा, थोडा थोडा करून. खरवस उरलेल्या चिकाचा!

बाकी सुरुवातीला एवढंच:

- गाय रानात विणार नाही असं बघा. दिवस भरले की घराजवळ, कोरड्या जागी ठेवा.
- नाळेला लगेच टिंक्चर आयोडीन.
- हगवण लागली तर दूध तोडू नका. वासरू पाणी कमी होऊन मरतं. दुधाच्या मधल्या वेळेत ओआरएस पाजा.

डोळे खोल गेले, वासरू उठेना, तर घरगुती काढे बाजूला ठेवून १९६२ ला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. जंताचं औषध, लसी यांचं नंतर बोलू.