शिकता शिकता धंदा करणारी पोरं अडतात कुठे?

'इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मित्राबरोबर टी-शर्ट छपाई सुरू करायचीय. कॉलेजातली पोरं धंद्यात का उतरतात आणि कुठे अडकतात?' असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात शिकताना हाच धंदा सुरू केला आणि आजही त्यावरच पोट आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही.

उतरतात का? भाषणांत सांगतात ती 'समाजाचे प्रश्न सोडवायची तळमळ' मला तरी फारशी दिसली नाही. खिसा रिकामा असतो, घरी पैसे मागायची लाज वाटायला लागलेली असते आणि वरच्या वर्गाच्या प्लेसमेंटचे हाल डोळ्यांसमोर असतात. ज्यांच्या घरचं दुकान आहे, त्यांना निम्मी अक्कल आयतीच मिळते. बाकीच्यांना घरून एकच वाक्य: 'आधी डिग्री हातात येऊ दे.'

कागदपत्रांचा उगाच बाऊ करतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज आहे. बँकेत मात्र विद्यार्थी म्हटलं की साहेब म्हणणार, वडिलांना घेऊन या.

खरा घोळ उधारीत. गॅदरिंगची ऑर्डर घ्या. कोरे टी-शर्ट तमिळनाडूतल्या तिरुपूरहून रोखीनं येतात, नवख्याला तिथे कोण उधार देतो? स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, त्यामुळे पाच रंगांचं डिझाइन पंचवीस शर्टांना परवडतच नाही, पण कमिटीला हवं तेच असतं. छापून दिल्यावर 'एक्सएल कमी पडले', 'वर्गणी अजून जमली नाही' सुरू होतं. आणि ज्याच्याकडे पैसे मागायचे, तो रात्री तुमच्याच खोलीत घोरत असतो! निम्मे पैसे आगाऊ आणि साइजची यादी लेखी आल्याशिवाय फ्रेमला हात लावू नका.

हजेरीचं म्हणाल तर केंद्राच्या 2019 च्या विद्यार्थी-स्टार्टअप धोरणात सवलतीची तरतूद आहे. तुमच्या कॉलेजनं ते स्वीकारलंय का, ते विचारा. आयआयटी मुंबईच्या पोरांनी 2007 मध्ये ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज काढली, तेव्हा कॅम्पसवरच्या 'साइन' या इन्क्युबेटरचा, म्हणजे नव्या धंद्यांना हात देणाऱ्या केंद्राचा, त्यांना आधार मिळाला. बऱ्याच कॉलेजांत इन्क्युबेशन सेंटरची पाटी असते, खाली कुलूपही असतं.

आणि सातव्या सेमिस्टरला भागीदार गळतो. ऑफर लेटर आल्यावर त्याला दोष कसा देणार? म्हणून मशीन कुणाच्या नावावर, येणी कुणी वसूल करायची, एकजण नोकरीला लागला तर त्याचा हिस्सा किती महिन्यांत द्यायचा, हे आत्ताच स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. माझा भागीदार पुण्याला गेला, त्याचा हिस्सा मी हप्त्यांनी फेडला. आता त्याच्या कंपनीच्या टी-शर्टची ऑर्डर तोच मिळवून देतो.