महिला कक्षाची जबाबदारी घेताना

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोकरीला लागून जेमतेम वर्ष होते आहे, तोच प्राचार्यांनी महिला कक्षाची जबाबदारी तुझ्यावर सोपवली, आणि पहिला कार्यक्रम म्हणून व्याख्यान ठेवावे की पाककला स्पर्धा, असे तू विचारले आहेस. दोन्ही ठेव, मुलींना एकत्र यायला निमित्त लागते. पण त्याआधी एक काम कर. पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी शेवटचा तास संपल्यावर लगेच घरी निघू नकोस. फाटकापाशी उभी राहा आणि कोणती मुलगी किती वाजता वर्गातून उठते, कोणत्या गावच्या बसला धावते, आणि ती बस चुकली तर पुढची किती वाजता आहे, हे एका वहीत उतरवून घे. महिला कक्षाचे पहिले दप्तर ती वही असू दे.

हे मी अनुभवाने सांगते, आणि तो अनुभव मला अजून टोचतो. मी ज्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते, तिथे प्रात्यक्षिकाच्या बॅचेस हजेरीपटाच्या क्रमाने पाडल्या जात. दुपारची बॅच दोनला सुरू होऊन पाचला संपे. खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्या पलीकडच्या एका गावची मुलगी त्या बॅचमध्ये आली होती. तिच्या गावात जाणारी बस सव्वाचारला सुटे. त्यानंतरची गाडी फाट्यापर्यंतच जाई आणि तिथून पुढची वाट जंगलातली, पावसाळ्यात तर दिवसाही एकटीने चालू नये अशी. प्रात्यक्षिक असेल त्या दिवशी ती चारच्या आधीच ब्युरेट धुऊन ठेवून निघून जाई. तिचे जर्नल अपुरे राहिले, अंतर्गत गुण कमी पडले, आणि अभ्यासाकडे लक्ष नाही म्हणून मी स्वतः तिला दोनदा सर्वांसमोर बोलले. कारण तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, रोपलावणीच्या दिवसांत, ती आलीच नाही. पुढे तिच्या गावच्या दुसऱ्या मुलीकडून बसची हकिकत कळली, तोवर तिचे लग्न ठरले होते. नंतर आम्ही लांबच्या गावच्या मुलींना सकाळच्या बॅचमध्ये घेतले. त्यासाठी अर्ध्या तासाची बैठक आणि एक कागद एवढेच लागले.

मुलीने शिक्षण सोडले की आपण गरिबी, घरचे लोक आणि लग्न अशी तीन कारणे सांगून मोकळे होतो. ती कारणे खरी असतात. पण ‘आता पुरे झाले’ असे म्हणायला घराला जे निमित्त लागते, ते पुष्कळदा आपल्याच वेळापत्रकाने, आपल्याच अर्जाने किंवा आपल्याच दुर्लक्षाने पुरवलेले असते. घर आणि गरिबी बदलणे तुझ्या हातात फारसे नाही. ते निमित्त काढून घेणे मात्र पूर्णपणे तुझ्या हातात आहे, आणि विद्यापीठाने विद्यार्थिनींना बळ द्यावे म्हणजे काय, याचा माझ्यापुरता अर्थ हाच आहे.

वाहतुकीचा प्रश्न महाविद्यालयाचा नाही, असे तुला कोणीतरी ऐकवील. तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळ प्रतिबंधाविषयीचे २०१५ चे विनियम समोर ठेव. विद्यार्थिनींना ग्रंथालयात, प्रयोगशाळेत उशिरापर्यंत काम करता यावे आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांना थांबता यावे, यासाठी संस्थांनी भरवशाच्या वाहतुकीचा विचार करावा, असे त्यांत म्हटले आहे. मग वहीतली माहिती मार्गवार मांडून, कोणत्या मार्गावर किती मुली आहेत आणि त्यांना कोणत्या वेळेची गाडी हवी आहे ते लिहून, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या विभागीय नियंत्रकांना प्राचार्यांच्या सहीचे पत्र पाठव. मोघम विनंतीला मोघम उत्तर येते. आकडे आणि वेळ लिहिलेल्या पत्राची दखल घ्यावी लागते, आणि घेतली नाही तर पुढचे स्मरणपत्र लिहायला आधार राहतो.

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या महिलांचा साध्या सरकारी बसमधला प्रवास विनामूल्य झाला, आणि त्याने किती मुलींचा कॉलेजचा रस्ता मोकळा झाला हे तू रोज पाहतेस. तरी दोन गोष्टी लक्षात ठेव. तिकीट माफ झाले म्हणून बस वेळेवर येतेच असे नाही, आणि आली तरी तिच्यात पाय ठेवायला जागा असतेच असेही नाही. दुसरे असे की ही सवलत कर्नाटकाच्या रहिवाशांसाठी आहे. चंदगड तालुक्यातून बेळगावात शिकायला येणाऱ्या मुलींच्या आधारकार्डावर महाराष्ट्राचा पत्ता असतो. एसटीची २०२३ पासूनची महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, आणि हद्द ओलांडली की त्यांना पूर्ण भाडे मोजावे लागते. त्याच बाकावर बसलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीचा प्रवास फुकट आणि दुसरीचा महिन्याला घरात बोलणी ऐकायला लावणारा, ही स्थिती सीमेवरच पाहायला मिळते. अशा मुलींची वेगळी यादी कर आणि विद्यार्थी साहाय्य निधीतून त्यांच्या पासची सोय होते का, ते पाहा.

आता तक्रार समितीविषयी, कारण या बाबतीत गोंधळ झाला तर नुकसान भरून येत नाही. महिला कक्ष आणि लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत तक्रार समिती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. महिला कक्ष समितीपासून स्वायत्त असावा, असे आयोगाच्या त्याच २०१५ च्या विनियमांत आहे; म्हणून एखादी मुलगी रडत तुझ्याकडे आली तर तू तिचा आधार हो, चौकशी अधिकारी होऊ नकोस. समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ प्राध्यापिका असावी लागते. दोन अध्यापक, दोन अध्यापकेतर कर्मचारी आणि संस्थेबाहेरची, अशा प्रश्नांची जाण असलेली एक व्यक्ती तिच्यात असते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही लागतात. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख यांच्यासारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या व्यक्तींना समितीत बसता येत नाही. तुमच्या महाविद्यालयातला समितीचा फलक नीट वाच. त्यावरची नावे जुनी असतील, बदली होऊन गेलेल्यांची असतील किंवा बसू नये त्यांची असतील, तर पहिले पत्र त्याविषयी लिही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. या मुदती मुलींना प्रवेशाच्या दिवशीच कळल्या पाहिजेत. भीती ओसरायला जेवढा काळ लागतो, तेवढ्यात मुदत संपून जाते, हे मी पाहिले आहे.

आपल्या भागात यात भाषेची एक अधिकची गाठ आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेली, यळ्ळूर, कडोली किंवा उचगावकडची मुलगी वर्गातले इंग्रजी कसेबसे सांभाळते, कामापुरते कन्नड बोलते. पण तिच्या अंगाला कोणी हात लावला, तर ते सांगायला तिच्याजवळ मराठीखेरीज शब्द नसतात. चिक्कोडी-रायबागकडची कन्नड मुलगी किंवा उर्दू शाळेतून आलेली मुलगी हिचीही अवस्था तीच. तक्रार लेखी देता येत नसेल तर ती लिहून घ्यायला सर्व वाजवी मदत करणे समितीच्या सदस्यांवर बंधनकारक आहे, आणि ही मदत मुलीच्या भाषेत झाली तरच तिला अर्थ आहे. म्हणून समितीत या भाषा जाणणारी माणसे असावीत, आणि सूचना कन्नड, मराठी, उर्दू व इंग्रजी अशा चारही भाषांत लागाव्यात, असा आग्रह धर. हे मी सीमावादाच्या अंगाने लिहीत नाही. माझ्या पहिल्या मराठी सूचनाफलकाला सर्वांत आधी पाठिंबा दिला तो धारवाडच्या बाजूने आलेल्या एका कन्नड सहकारी बाईंनी. त्याच न्यायाने आपल्या मराठी मुलींना कन्नड लिहा-वाचायला शिकव. नाडकचेरीतला, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातला अर्ज, बँकेतली पावती, पोलीस ठाण्यातला जबाब हे सारे कन्नडात असते, आणि जी ते स्वतः वाचू शकते तिला दर वेळी भावाला बरोबर न्यावे लागत नाही.

कागदांचा विषय निघालाच आहे तर शिष्यवृत्त्यांविषयी लिहिते. शिष्यवृत्ती नाकारली गेलेल्या मुलींची कागदपत्रे मी वर्षानुवर्षे तपासली, आणि त्यांतली पुष्कळ प्रकरणे नावाच्या स्पेलिंगवर अडलेली होती. एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारकार्डावर शेवटी, बँकेच्या पुस्तकात आडनावाच्या जागी नुसती आद्याक्षरे. त्यात मध्येच लग्न झाले तर चौथे नाव तयार होते. मराठी नाव कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जाताना त्याची जी रूपे होतात, ती संगणकाला एकाच मुलीची वाटत नाहीत. प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यात एक दिवस फक्त यासाठी ठेव: प्रत्येक मुलीने तीन कागद शेजारी ठेवून नाव जुळते का पाहायचे, खाते तिच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेले आहे का पाहायचे, जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून मुदतीआधी काढायचे. निपाणीकडच्या मुलींना आवर्जून विचार की घरात आई किंवा आजी बिड्या वळते का. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, आणि आईचे कामगार ओळखपत्र ट्रंकेत पडून असताना मुलगी फीसाठी सावकाराकडे गेल्याचे मला माहीत आहे. तांत्रिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींसाठी ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत ती मिळते. आणि ज्या मराठी मुलींना पुढे महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमाला जायचे आहे, त्यांना सीमाभागातील उमेदवारांसाठी तिथल्या प्रवेशनियमांत असलेली वेगळी तरतूद बारावीच्या निकालाआधी समजली पाहिजे, नंतर नव्हे.

वसतिगृहाबाबत थोडक्यात. मुलांचे फाटक रात्री दहापर्यंत उघडे आणि मुलींचे सातला बंद, असे असेल तर ग्रंथालयातले तीन तास रोज मुलांना जास्त मिळतात. सुरक्षिततेची काळजी पुढे करून मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत, हे आयोगाच्या त्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. पालक विरोध करतील. त्यांना बोलाव, रस्त्यावर दिवे लावून घे, ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत सोबतीची व्यवस्था कर आणि मग वेळ वाढव. क्रम उलटा केलास तर पहिल्या किरकोळ प्रसंगात सगळे मागे जाईल.

लग्न झालेल्या विद्यार्थिनींकडे तू विशेष लक्ष द्यावेस, कारण त्या स्वतःहून काही मागत नाहीत. मागावे असा आपला हक्क आहे, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूतीच्या काळात हजेरीत सवलत देण्यासाठी विद्यापीठांनी योग्य नियम करावेत, असे आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये कळवले आहे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते, आणि प्रबंधासाठी कमाल मुदतीवर दोन वर्षे अधिक मिळू शकतात. तुमच्या विद्यापीठाने पदवीच्या पातळीवर काय नियम केला आहे, तो कुलसचिव कार्यालयाकडून लेखी मागवून घे. नियम झाला नसेल, तर दोन-चार महाविद्यालयांच्या महिला कक्षांनी मिळून विद्या परिषदेकडे प्रस्ताव पाठवा. मासिक पाळीच्या काळातल्या हजेरीविषयीही असेच करता येईल: केरळमधल्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थिनींना दर सत्रात दोन टक्के हजेरीची सूट दिली, आणि तो निर्णय विद्यार्थी संघटनेच्या मागणीतून झाला. मात्र त्याआधी तुमच्या इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, दाराला कडी आहे का आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, हे स्वतः फिरून पाहा. जिथे ते नसते तिथल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

मुलींची संख्या वाढली, हे तुला प्रत्येक अहवालात वाचायला मिळेल, आणि ते खरे आहे. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २.०७ कोटी विद्यार्थिनींची नोंद आहे, आणि १८ ते २३ वयाच्या मुलींच्या लोकसंख्येशी त्यांच्या प्रवेशाचे प्रमाण २८.५ टक्के, म्हणजे मुलांपेक्षा किंचित अधिक आहे. या आकड्याचा मला आनंद आहे. पण तो प्रवेशाचा आकडा आहे. तुझ्या वहीत दुसरा आकडा असू दे: पहिल्या सत्रात आलेल्या किती मुली सहाव्या सत्राच्या परीक्षेला बसल्या, आणि ज्या बसल्या नाहीत त्या कोणत्या महिन्यात, कोणत्या गावच्या, कशाने थांबल्या. सलग आठ दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलीला नववा दिवस उजाडण्याआधी फोन गेला पाहिजे, आणि फोन उचलला गेला नाही तर रविवारी कोणीतरी तिच्या घरी गेले पाहिजे. तू गेलीस तर एकटी जाऊ नकोस. त्याच गावची एखादी शिकून नोकरीला लागलेली मुलगी बरोबर घे, आणि चहा घेतल्याशिवाय विषय काढू नकोस. वडिलांशी बोलताना आईला आतल्या खोलीतून बाहेर बोलाव. माझ्या अनुभवात निम्मे काम तिच्याशीच होते.

सगळे एका वर्षात होणार नाही. यंदा बसची वही, समितीचा फलक आणि नावांच्या तपासणीचा दिवस एवढे केलेस तरी पुष्कळ झाले. गणपतीच्या सुट्टीत माझ्याकडे ये. येताना वही आण आणि पुढच्या सत्राच्या वेळापत्रकाचा मसुदाही आण. प्रात्यक्षिकांच्या बॅचेस आपण दोघी बसून मार्गांप्रमाणे लावून पाहू.

तुझ्या,
मॅडम